कोथरूडमधील एका स्त्रीरोग चिकित्सालयातील गर्भाशयमुखाच्या बायोप्सीचा अनुभव

पॅप तपासणीत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या चाचणीत, दोष आढळल्यानंतर मला कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहणे) आणि बायोप्सी (तपासणीसाठी तेथील लहान तुकडा काढणे) यांचा सल्ला मिळाला. कर्वे रस्त्याजवळच्या या चिकित्सालयात वेळ ठरवून गेले, तरी पाऊण तास बसवून ठेवण्यात आले आणि पार्किंगची तर सोयच नाही, रिक्षानेच जावे.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल मात्र तक्रार नाही. डॉक्टरांनी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा ठेवणारे उपकरण) बसवून गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावले, ज्यामुळे संशयास्पद पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो, आणि दुर्बिणीतून पाहत तेथील तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे चिमट्याने काढले. प्रत्येक वेळी, पाळीत येते तशी, क्षणभर जोराची कळ आली. भूल दिली नव्हती. हवी का, एवढे तरी विचारायला हवे होते. सारे पंधरा मिनिटांत आटोपले.

रक्त थांबवण्यासाठी लावलेल्या औषधामुळे पुढील काही दिवस कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट स्राव जातो, हे परिचारिकेने आधीच सांगितल्यामुळे मी घाबरले नाही. आठवडाभर शरीरसंबंध, टॅम्पॉन आणि पोहणे वर्ज्य होते. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाल्यास तत्काळ यावे, अशी सूचना मराठीत छापून दिली होती, ही गोष्ट मला विशेष आवडली.

अहवाल दहाव्या दिवशी मिळाला, तोही मी दोनदा फोन केल्यावर.