डिकी, गुडघे आणि तीन गाड्या
लग्नानंतर 2005 साली टाटाची इंडिगो मरिना घेतली, छत थेट मागेपर्यंत गेलेली स्टेशन वॅगन. सासरे तिला 'ॲम्ब्युलन्स' म्हणायचे, पण मागची सीट पाडली की रत्नागिरीहून आंब्याच्या आठ पेट्या निवांत यायच्या. तसली स्टेशन वॅगन आता आपल्याकडे कुणी घेत नाही, हळहळ वाटते.

2021 ला होंडा सिटी आली, वेगळी डिकी असलेली बुटकी सेडान. डिकी 506 लिटर, आंबा घाटात वळणावर गाडी जमिनीला चिकटून.

पण सेडान कुठलीही असो, आईचे गुडघे कुरकुरायचे. एक हात दारावर, एक माझ्या खांद्यावर, मग 'हुश्श'. म्हणून गेल्या दिवाळीत क्रेटा, उंच सीटची एसयूव्ही. डिकी 433 लिटरच, पेट्या सहाच बसतात. आई मात्र खुर्चीत बसावं तशी बसते, तेही पदर सावरत.