ऑफिस सोडून इलेक्ट्रिशियन व्हायचं की प्लंबर?

भाचा डेटा एन्ट्रीला वैतागलाय, म्हणतो मामा हाताचं काम शिकतो, पण वायरिंग की नळ? लाखभर कमवा छाप रील्स सोड.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन 2 वर्षं, प्लंबर 1. त्यात वायरिंगची कामं स्वतःच्या नावावर घ्यायची तर लायसन्स, म्हणजे अजून थांबा. हत्यारांचा खर्च दोन्हीकडे साधारण सारखाच.

खरा फरक अंगाला कळतो. प्लंबिंगला बेसिनखाली मान वाकडी करून पान्याने नट पिळायचा, ड्रेनेजचा वास, पाठीची वाट. इलेक्ट्रिकला कष्ट कमी पण चूक महाग, मेन एमसीबी (घराची वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन चालू असू शकते, त्यामुळे टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

पैसा? गळतीला कोणी थांबत नाही, रात्रीही फोन येतो, आणि बोअरच्या जड पाण्याने नळ जाम होतच राहतात. इलेक्ट्रिकला मात्र पंखा बिघडलेलं गिऱ्हाईक म्हणतं रविवारी या. पण अख्ख्या फ्लॅटचं वायरिंग मिळालं की एकदम मोठी रक्कम.

घरी हप्ते चालू असतील, लवकर कमवायचं असेल तर प्लंबिंग. दोन वर्षं निघत असतील, डोकं शांत असेल आणि पुढे सोलरकडे जायचं असेल तर इलेक्ट्रिक.