पुढचा डिस्क ब्रेक: किट टाकायचं की अख्खा कॅलिपर बदलायचा?

गाडीने पाच-सात पावसाळे काढले की पुढचा डिस्क ब्रेक कुरकुरायला लागतो. एक तर लिव्हर मऊ लागतो, नाहीतर सोडल्यावरही पॅड डिस्कला धरून राहतात. पॅड बदलले, ब्रेक ऑइलमधली एअर काढली, तरी फरक नाही, मग गॅरेजमध्ये प्रश्न येतो: जुन्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सीलचं, म्हणजे आतल्या रबरी रिंगांचं, किट टाकू की अख्खी असेंब्ली मागवू? माझ्या १५० सीसीच्या गाडीवर मी दोन्ही केलंय. गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. माझं मत बरंचसं त्या खाऱ्या हवेने बनवलंय, तेव्हा ते तेवढं धरूनच वाचा.

किटच्या बाजूने बोलायचं तर पैशांचा फरक मोठा आहे. किट शेकड्यांत येतं, ओरिजिनल कॅलिपर हजारांत जातो. शिवाय पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनवर ओरखडे किंवा गंज नसेल, तर बदलायचं असतं ते रबरच. पिस्टन मागे ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. ब्रेक दाबला की चौकोनी छेदाचं सील पिस्टनबरोबर जरासं पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे घेतं. ही हालचाल मिलिमीटरचा छोटासा अंश, पण सगळा खेळ तिच्यावर. पुण्यातल्या माझ्या भावाच्या स्कूटरला किटच टाकलं होतं आणि ती आजही छान थांबते.

माझ्या गाडीलाही सुरुवातीला किटने उत्तम गुण आला. लिव्हर कडक, आंबा घाट उतरताना पूर्ण भरवसा. पण पावसाळा सरला आणि ब्रेक पुन्हा धरायला लागला. सकाळी गाडी पार्किंगमधून ढकलताना जड लागायची, शहरात फिरून आलं की डिस्कजवळ हात नेला तरी धग जाणवायची. पिस्टन काढून पाहिला तर तो स्वच्छ होता. सील काढल्यावर त्याच्या खाचेत पांढरा, कडक थर दिसला. तो ॲल्युमिनियमचा गंज. नवं सील त्या थरावर बसतं, आत ढकललं जातं आणि पिस्टनला इतकं आवळतं की त्याला मागे यायला जागाच उरत नाही. किटमध्ये यावर उपाय नाही. खाच खरवडून साफ करता येते, पण वरचं संरक्षक आवरण एकदा गेलं की थर पुन्हा लवकर धरतो, निदान आमच्या हवेत तरी. मला कॅलिपरकडे वळवलं ते या चिकटण्यानेच.

त्यात बऱ्याच गॅरेजमध्ये कॅलिपर पेट्रोलने धुतात आणि सीलला साधं ग्रीस लावतात. डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) वापरणाऱ्या ब्रेकमधलं रबर, बहुधा ईपीडीएम जातीचं, या दोन्हींनी फुगतं. किटच टाकणार असाल तर समोर उभं राहून करून घ्या: सफाई ब्रेक क्लीनरने, आणि बसवताना सीलला नवं ब्रेक ऑइल.

नव्या कॅलिपरमध्ये खाच, पिस्टन आणि एअर काढायचा निपल सगळंच नवं. जुन्या कॅलिपरचा निपल गंजलेला असला तर पाना फिरून त्याच्या कडा झिजतात आणि एअर काढणं अर्धवट राहतं, तीही कटकट सुटते. कॅलिपर घ्यायचा तो मूळ बनावटीचाच. जुन्यावर उत्पादकाचं नाव बहुधा कोरलेलं असतं, उदाहरणार्थ छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स किंवा ब्रेम्बोचा छोट्या गाड्यांसाठीचा बायब्रे. ते जुळवून पाहा. निव्वळ स्वस्त म्हणून लोकल कॅलिपर मी तरी घेणार नाही, त्यापेक्षा किट बरं.

खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासा. लिव्हर दाबून धरला आणि कुठेही गळती नसताना तो हळूहळू आत जात राहिला, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) सीलचा असतो. हा सिलिंडर हँडलवर, चिखलापासून दूर असतो, म्हणून तिथे मी किटलाच पसंती देईन. दुसरं, कॉम्बी ब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर पुढचा ब्रेकही दाबतो. त्याची केबल फार ताणलेली असली तरी पुढचा ब्रेक धरून राहतो, आणि ते नुसत्या ॲडजस्टमेंटने सुटतं.

पुण्या-नागपूरकडे गाडी असेल आणि खाच स्वच्छ दिसली, तर किट टाकायला माझी हरकत नाही. किनाऱ्यावर राहत असाल आणि पांढरा थर दिसला, तर मी किटमध्ये पैसे घालणार नाही.

कॅलिपर बसवताना पाइपच्या बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घ्या. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, आणि सीलबंद बाटलीतलं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. एअर काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका, एबीएसच्या गाडीत तर अजिबातच नको. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, आणि नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत घाट टाळा.