नॉर्वेतल्या हिवाळ्याचे फोटो आणि गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम : काही महिन्यांच्या वापरानंतर

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. त्यामुळे तिथल्या हिवाळी फोटोंत निळसर बर्फ, काळं आकाश आणि नॉर्दर्न लाइट्सचा (अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा) हिरवा पट्टा एवढंच पुन्हा पुन्हा येतं. फोटो पाठवताना नेमकं हेच सगळ्यात आधी बिघडतं. फाइल लहान करायची तर ॲप गडद भागातल्या बारीक छटा आधी उडवतं. भर उन्हातल्या फोटोत ते लक्षात येत नाही. अरोराच्या फोटोत मात्र आकाशात चौकोन उमटतात आणि हिरव्या रंगाच्या पायऱ्या दिसू लागतात. त्यात हे फोटो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ते ३२००वर काढलेले असतात, म्हणजे मुळातच दाणेदार. फाइल दाबून लहान केली की तो दाणा चिखलासारखा पसरतो. पडत्या बर्फाच्या फोटोत प्रत्येक कण हा तपशील असतो, म्हणून फाइल मोठी बनते आणि दाबल्यावर फोटो धुरकट होतो.

म्हणून सहलीचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापेक्षा शेअर्ड अल्बम (सोबत्यांनी मिळून भरायचा ऑनलाइन अल्बम) करावा, हे माझं ठाम मत आहे. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. ४ × ६ इंची प्रिंटला ते चालतं, इंचाला २६६ पिक्सेल मिळतात. ८ × १२ इंची प्रिंट काढली तर १३३च मिळतात आणि रेने गावातली लाल लाकडी घरं कडेला फाटल्यासारखी दिसतात. २०२३मध्ये आलेला एचडी पर्याय बराच बरा आहे, पण तो निवडावा लागतो आणि घाईत कोणी निवडत नाही. मूळ फाइलच द्यायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी; तशी २ जीबीपर्यंत फाइल जाते. मात्र तिच्यासोबत फोटो काढल्याचं ठिकाणही जातं. सगळ्यांकडे आयफोन असतील तर आयक्लाउडचा शेअर्ड अल्बम सोयीचा, आणि त्याची जागा आपल्या साठवणीच्या कोट्यात धरली जात नाही. पण तिथेही फोटो २०४८ पिक्सेलवर आणला जातो आणि अल्बमला ५,००० फोटोंची मर्यादा आहे. फोनवर बघायला उत्तम, भिंतीवर लावायला अपुरा.

गूगल फोटोजमध्ये दर्जाचा निर्णय आपल्या हातात राहतो. ‘ओरिजिनल’ ठेवलं तर फाइल जशीच्या तशी राहते. ‘स्टोरेज सेव्हर’ १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणतो. ८ × १२ इंची प्रिंटला तेही पुरून उरतं. माझा सल्ला असा : दिवसाउजेडाचे फोटो स्टोरेज सेव्हरमध्ये चालतील, अरोराचे मात्र ओरिजिनलच ठेवा. हिशेब आधीच करा. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकट जागा १५ जीबी. २४ मेगापिक्सेलचा जेपीईजी ८ एमबीचा धरला तर १,५०० फोटोंना १२ जीबी लागतात. १ जून २०२१पासून स्टोरेज सेव्हरचे फोटोही या कोट्यात मोजले जातात. ज्याने फोटो चढवला त्याची जागा जाते, नुसतं बघणाऱ्याची नाही. पण बघणाऱ्याने ‘सेव्ह’ दाबलं की त्याचीही जाते. एखाद्या सोबत्याची जागा भरली की त्याचं बॅकअप थांबतं आणि त्याचे फोटो अल्बममध्ये पोहोचतच नाहीत. ‘अजून सेन्या बेटाचे फोटो का नाहीत?’ असा प्रश्न पडला तर आधी त्याचं स्टोरेज तपासायला सांगा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी वेळेची. हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. फोन आपोआप वेळ बदलतो, कॅमेरा बदलत नाही. रात्री नऊला काढलेल्या अरोरावर कॅमेरा दुसऱ्या दिवशीचा पहाटे दीड नोंदवतो. आठ जणांचे फोटो एकत्र केले की जेवणाच्या टेबलामागून आकाश, त्यामागून पुन्हा तेच टेबल असा गोंधळ होतो. गूगल फोटोजच्या वेबसाइटवर त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून तारीख-वेळ एकदम सरकवता येते. पण ही दुरुस्ती गूगलच्या नोंदीत होते, फाइलमध्ये नाही. नंतर डाउनलोड केलं की जुनी वेळ परत येते. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर करून, चढवण्याआधीच लाइटरूम किंवा एक्झिफटूल या संगणकावरच्या प्रोग्रॅमने साडेचार तास वजा करावेत. त्याच वेळी फोटो एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करावेत. ॲडोब आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत राहिलेली हिरवी झळाळी अनेक फोनवर मळकट दिसते. बर्फ करडा आला असेल तर एक्स्पोजर साधारण एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवावा. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडं समजतो, म्हणून हे होतं.

अल्बम दोन करावेत : सोबत्यांसाठी सगळ्या फोटोंचा, ज्यात सर्वांना भर घालता येईल, आणि नातेवाइकांसाठी शंभरेक निवडक फोटोंचा, ज्यात भर घालण्याची सोय बंद असेल. दुसऱ्यात मधेमधे गावांची नावं लिहावीत, ती सोय आहे. आजी-आजोबांकडे गूगल खातं नसलं तरी लिंक उघडून बघता येतं. फक्त फोटो टाकायला आणि कॉमेंट करायला खातं लागतं. पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो, आणि कौटुंबिक ग्रुपवरून ती कुठवर जाईल याचा नेम नाही. सेटिंगमध्ये फोटोचं ठिकाण दाखवणं बंद करावं आणि सगळ्यांचं बघून झालं की लिंकही बंद करावी. सहल चालू असताना लिंक पाठवूच नये; घर रिकामं आहे हे सगळ्यांना कळवल्यासारखं होतं.

नातेवाइकांसाठी फोटो निवडताना माणसांचा विचार करावा. नॉर्वेच्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १०४नुसार, व्यक्ती हाच ज्याचा मुख्य विषय आहे असा फोटो तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. रेनडिअर सांभाळणाऱ्या सामी (उत्तरेतले मूळ रहिवासी) कुटुंबाचा किंवा बर्फात खेळणाऱ्या मुलांचा जवळून काढलेला फोटो, विचारलेलं नसेल तर, खुल्या लिंकच्या अल्बममध्ये टाकू नये. दूरच्या दृश्यात माणसं आली तर अडचण नाही.

आता यातला खरा धोका. शेअर्ड अल्बम म्हणजे जपून ठेवलेली प्रत नव्हे. एखादा सोबती अल्बममधून बाहेर पडला की त्याने टाकलेले फोटोही जातात. फोनमध्ये जागा करण्यासाठी कोणी गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो अल्बममधूनही नाहीसा होतो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यातच परत आणता येतो. म्हणून फोटो गोळा झाल्यावर एकाने संगणकावरून पूर्ण अल्बम डाउनलोड करून हार्ड डिस्कवर उतरवावा आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी. अल्बममधून घेतलेली झिप फाइल एकदा उघडून फोटोंची संख्या अल्बमशी जुळते का ते पाहावं. ती जुळेपर्यंत कोणीही कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये.