उभी बाजू चढायची की उतरायची?

सायकलवर चढ आवडतो की उतार, याचं खरं उत्तर वर्तुळाकार मार्गावर कळतं. डोंगराची एक बाजू उभी, दुसरी लांबट आणि सौम्य. दोन्ही चढायच्या नाहीत, एकच चढायची आहे. ज्याला उतार प्रिय तो सौम्य बाजूने वर जातो आणि उभ्या बाजूने सुटतो. ज्याला चढ प्रिय तो उलटा जातो. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे, पण पहिल्यांची बाजूही कमकुवत नाही.

वेळेचा मुद्दा आधी संपवू, कारण त्यावर उगाच वाद होतो. सायकल, माणूस आणि पाणी मिळून ८० किलो धरा, चढायची उंची ६०० मीटर. उभी बाजू ८ टक्क्यांची (म्हणजे शंभर मीटरला ८ मीटर चढ) असेल तर रस्ता ७.५ किलोमीटर, सौम्य बाजू ४ टक्क्यांची असेल तर १५. पायांतून सलग १९० वॉट निघत असतील तर उभ्या बाजूला ताशी १० किलोमीटरचा वेग मिळतो आणि पाऊण तासात माथा येतो. सौम्य बाजूला वेग १७ च्या आसपास, वेळ पन्नास मिनिटांच्या थोडी पुढे. उतरताना हिशेब उलटा फिरतो आणि एकूण बेरीज जवळपास सारखीच राहते. म्हणजे निवड घड्याळावर सोडता येत नाही.

उभ्या चढाचा त्रास खरा आहे. ताशी १० च्या वेगाला अंगावर वारा येत नाही, घाम वाळत नाही. गिअर कमी पडले की पायडलचे फेरे मिनिटाला पन्नासच्या खाली जातात आणि भार गुडघ्यांवर येतो. १५ टक्क्यांच्या वर बसून चढताना पुढचं चाक हलकं होतं. उभं राहावं तर ओल्या रस्त्यावर मागचं घसरतं. उपाय म्हणजे सॅडलच्या (सीटच्या) पुढच्या टोकाकडे सरकायचं, कोपर वाकवायचे, छाती खाली आणायची. गिअर मात्र वळणाच्या आधीच, पायाचा जोर क्षणभर सैल करून बदलायचा. पूर्ण जोरात बदलला तर चेन अडते, कधी तुटते. तरी यातली प्रत्येक अडचण आधी इशारा देते. दम लागला तर थांबता येतं, आणि थांबायला दोन मीटर पुरतात.

उतारावर तसं होत नाही. ८ टक्क्यांवर ब्रेक न लावता सरळ रस्ता मिळाला तर वरचंच वजन ताशी ६० च्या आसपास पोचतं. तो वेग ज्यांना हवा असतो त्यांचा आनंद मला कळतो. सलग वळणांचा, कोरडा, मोकळा रस्ता असेल तर त्यासारखं सुख नाही. पण वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरचं अंतर चौपट होतं, म्हणून अनोळखी रस्त्यावर बहुतेक जण ३० ला धरून उतरतात. माझ्यासाठी निकाल इथेच लागतो: हातांवर. उभ्या उतारावर ब्रेकचा लिव्हर सोडायला जागाच मिळत नाही. आधी अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसते, मग बोटं बधिर होतात, आणि माथ्यावर घामाने भिजलेलं अंग वाऱ्यात गार पडलं की लिव्हर किती दाबला हेच कळेनासं होतं. सगळ्यात नेमकं नियंत्रण लागतं तेव्हाच हात बोथट झालेले असतात.

उष्णतेचंही तेच. ३० च्या वेगाने तो उभा उतार उतरताना दोन तृतीयांशांहून जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तेवढ्या ऊर्जेत लिटरभर पाणी उकळीला येईल. चाकाच्या कड्यालाच दाबणारे रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूबमधला दाब वाढतो, कार्बन रिम तर मऊही पडू शकते. चाकाच्या मधल्या चकतीला धरणाऱ्या डिस्क ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड सोडतात. काही डिस्क ब्रेकांत लिव्हरचा दाब पोचवणारा डॉट द्रव असतो. तो हवेतली ओल शोषून घेतो, त्यामुळे जुना द्रव लवकर उकळतो आणि लिव्हर पोकळ होऊन हँडलला टेकतो.

याउलट ४ टक्क्यांच्या उतारावर हवाच तुम्हाला ताशी ४० च्या आसपास धरून ठेवते. ब्रेक फक्त वळणापुरता, मधल्या पट्ट्यांत बोटं मोकळी.

तरीही गुडघे दुखरे असतील, ब्रेक डिस्कचे आणि पॅड ताजे असतील, रस्ता पाठ असेल, तर उभी बाजू उतरायला ठेवणं चुकीचं म्हणणार नाही. तेव्हा हात हूडवर (लिव्हरच्या वरच्या मुठीवर) नको, ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर) ठेवा. तिथून दोन बोटांत पुरेसा जोर मिळतो. ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, मग सोडा, म्हणजे रिम-डिस्कला निवायला वेळ मिळतो. बाहेरच्या बाजूचा पायडल खाली, नजर वळणाच्या शेवटाकडे. हँडल थरथरायला लागलं तर ते आवळू नका. गुडघे सांगाड्याच्या वरच्या नळीला दाबा, सॅडलवरचा भार हलका करा आणि सावकाश वेग कमी करा. वाऱ्याचं जाकीट माथ्यावर, अंग गरम असतानाच चढवा.

उभी बाजू चढायची ठरवलीत तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, पाहा. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ९ च्या थोडा वर राहतो आणि १२ टक्क्यांच्या पट्ट्यात २५० वॉट लागतात. मागे ३४ दात घातले की तेच काम २०० च्या जवळ येतं. कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एवढं मोठं दातेरी चक्र पेलतो का ते तपासा. चेन ताणून धरणारा पिंजरा लहान असलेले कित्येक डिरेलर पेलत नाहीत. चेनही बहुधा लांब लागेल. जुनीच ठेवून पुढच्या आणि मागच्या दोन्ही सर्वांत मोठ्या चक्रांवर चेन टाकलीत तर ती ताणून डिरेलरच मोडेल.