अप्पर पाइन्स, योसेमिटी: छोट्या ट्रेलरसाठी जागा निवडताना

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या दरीतल्या या कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीला, 24 फुटांची मर्यादा आहे. लांबी हिचच्या (गाडीला जोडायच्या भागाच्या) टोकापासून मागच्या बंपरपर्यंत मोजा. मॉडेलच्या नावातला आकडा बऱ्याचदा फक्त खोलीचा असतो. पुढचा दांडा आणखी तीन-चार फूट खातो आणि बुकिंग नेमकं इथेच फसतं.

रिक्रिएशन डॉट गव्ह या बुकिंगच्या वेबसाइटवर प्रत्येक जागेची ड्राइव्हवेची लांबी वेगळी दिलेली असते. ती बघितल्याशिवाय पैसे भरू नका. झाडं आणि दगड अगदी कडेला आहेत, त्यामुळे रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायलाच हवं. जमीन सगळीकडे सपाट नाही. आधी ठोकळ्यांवर चाक चढवून डावी-उजवी पातळी साधा, चाकांना पाचर लावा, मगच गाडी सोडवून जॅकने पुढची बाजू वर-खाली करा. पाचर विसरलात तर ट्रेलर घरंगळतो.

वीज-पाण्याची जोडणी नाही. जनरेटर सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढाच चालतो. पाइनच्या सावलीत सोलरवर भिस्त नको, बॅटरी पूर्ण भरूनच या. सांडपाणी सोडायची सोय मात्र इथेच आहे, आणि छोट्या टाकीवाल्यांसाठी तीच सगळ्यात मोलाची.