जुना अँप (अँप्लिफायर) ब्लूटूथ बसवायला दिला आणि आतला मालच गेला, सांगली-मिरजकरांनो जपून

परवा आमच्या शेजारच्या काकू त्यांचा जुना कॅसेट डेक घेऊन, ज्या दुकानदारानं आमच्या अँपमधला माल काढला त्याच माणसाकडं निघालेल्या, त्यांना जिन्यातच थांबवलं आणि मग वाटलं की एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं, कारण आमच्यासारखी जुनी सिस्टीम अजून बऱ्याच घरात आहे.

अण्णांचा अँप १९९१ चा. मिरजेत एका मेकॅनिककडून असेंबल करून घेतलेला, लाकडी बॉक्स, आत टू एन ३०५५ चे टोपीवाले ट्रान्झिस्टर आणि भला मोठा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, उचलताना दोन्ही हात लागायचे. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधे महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा फ्रिज, कपाट सगळं खाली सोडलं पण अण्णांनी अँप आणि स्पीकर आधी माडीवर चढवले. आता कॅसेटना बुरशी लागलीय, डेकचा बेल्ट मिळत नाही, अण्णांना भीमसेनजी ऐकायचे असतात ते मी मोबाईलवर लावून देते पण मोबाईलच्या आवाजात त्यांचं समाधान होत नाही. म्हणून म्हटलं ब्लूटूथ बसवून घेऊ.

दुकानदार एकदम गोड बोलला. "ताई, बाहेरून डबी लावली की वायरी लोंबकळतात, मी आतूनच इंपोर्टेड कीट बसवून देतो, दोन दिवस ठेवून जा." ३,८०० रुपये सांगितले, २,००० मी लगेच यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर म्हणाला काम झाल्यावर एकदमच देतो. दोन दिवसाचे आठ दिवस झाले. आणायला गेले तर एका हातात उचलला गेला. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती पण समोर निळा लाईट लागत होता, फोन जोडला जात होता, गाणं वाजत होतं, मी उरलेले पैसे दिले आणि घरी आले, बिल परत राहिलंच.

अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा आपला अँप नव्हे." तबल्याचा डग्गाच ऐकू येईना, आवाज जरा वाढवला की फाटायचा.

मिरजेतल्या दुसऱ्या मेकॅनिककडं उघडला तर आत नुसता पोकळ खोका. ट्रान्सफॉर्मर नाही, टोपीवाले ट्रान्झिस्टर नाहीत, ते थंड ठेवणारी हीटसिंकची पट्टी नाही. तळहाताएवढा एक बोर्ड आणि मागं बारा व्होल्टचा साधा अडॅप्टर चिकटवलेला. जुन्या तांब्याला भंगारात काय भाव येतो ते सगळ्यांना माहितीय. परत जाऊन विचारलं तर म्हणे "ट्रान्सफॉर्मर जळालेला होता ताई, टाकून दिला." द्यायच्या आदल्या दिवशी वाजत असलेला व्हिडिओ माझ्या फोनमधे आहे, तो दाखवल्यावर आवाज चढवून बोलायला लागला.

त्या मिरजेच्या मेकॅनिकनं जे सांगितलं ते ऐकून जास्त वाईट वाटलं. अँप उघडायची गरजच नव्हती. मागं ऑक्स किंवा टेप इन असे लाल-पांढरे दोन सॉकेट असतात, त्यात ब्लूटूथ रिसीव्हरची छोटी डबी लावायची, ती मोबाईलच्या चार्जरवर चालते, झालं काम. टेप आऊटमधे लावू नका, तिथून आवाज बाहेर जातो. फोनो लिहिलेल्या सॉकेटमधेपण नको, ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असतं, त्यात डबी लावली की आवाज फाटतो आणि घुमतो. जुन्या डेकला गोल पाच पिनांचं सॉकेट असेल तर त्याची वेगळी केबल मिळते. आणि डबी घेताना रिसीव्हरच मागा, ट्रान्समीटर उलटं काम करतो, म्हणजे टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवायचा असेल तर तो, माझ्या भावाला दुकानात तोच गळ्यात मारलेला.

तरी कुणाला सेट उघडायला द्यावाच लागला तर तुमच्यासमोर झाकण काढायला लावा, आतले फोटो काढा, ट्रान्सफॉर्मरवर खूण करा, शक्य असेल तर काट्यावर वजन करून घ्या. आणि पैशाआधी बिल, निदान काय काय आत ठेवलंय ते लिहिलेली सहीची पावती तरी घ्याच. मी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ सगळं जोडलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी नाही असं कळलं, तिथंपण जाणार आहे. पैसे परत मिळाले तर मिळाले, मला तो ट्रान्सफॉर्मर पाहिजे.

त्यावर अण्णांनी लाल ऑइलपेंटनं १९९१ लिहिलेलं आहे, नऊचा आकडा जरा ओघळलेला. सांगली, मिरज, कुपवाडला कुणाला जुन्या सामानात किंवा एखाद्या मेकॅनिकच्या टेबलावर दिसला तर कृपा करून कळवा, जी किंमत म्हणतील ती देऊन मी घेऊन जाईन.